दशांशानंतरचे तीन आकडे

इथल्या पैशाला दशांशानंतर तीन आकडे असतात.
सोहारला आले तेव्हा पहिले काही महिने
मी दोनवरच थांबायचे,
आणि ताळेबंद काही केल्या जुळायचा नाही.

आता शाळेच्या पालक समितीची मी खजिनदार.
निवडून आले म्हणजे काय,
दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.

मार्चातली बैठक, रात्रीचे साडेआठ.
एसीचं पाणी बादलीत टपकतंय,
समोसे गार, अध्यक्ष कुरुविला घड्याळाकडे बघतायत.
शिल्लक: अकरा हजार चारशे रियाल, सहाशे पंचवीस बैसा.
प्रश्न एकच,
कुठे घातले तर मुलांचे गुण वाढतील?

स्मार्ट बोर्ड, म्हणाले तिघं एकदम.
मैदानावर छत, कुणीतरी म्हणालं,
मे महिन्यात तिथे अनवाणी उभं राहून दाखवा.
वेणुगोपाल सर उठले:
माझ्या सहा ब्युरेटपैकी चार गळतात,
मुलं प्रयोगाचं उत्तर पुस्तकात बघून लिहितात.
मुख्याध्यापिका शतपथी बाई इतकंच बोलल्या,
गणिताच्या दोघी मस्कतला चालल्यात, पगारासाठी.

माझ्याकडे फाईल होती.
तिच्यात मीच आखलेला एक रकाना:
एका गुणामागे खर्च किती.
खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता.

त्या रकान्यात चौदा मुलं बसेनात.
सातवीतली, सगळी चार नंबरच्या बसची.
गणितात कुणी नऊवरून एकतीसवर,
कुणी चौदावरून अडतीसवर,
आणि त्यांच्यावर आम्ही
एक बैसाही जास्तीचा घातला नव्हता.

चार नंबरची बस दोन फेऱ्या मारते.
सहमची मुलं पहिल्या फेरीत, पावणेसहाला फाटकाशी.
शाळा सव्वासातला.
मधला दीड तास
आमच्या कुठल्याच कागदावर नाही.

गेले एकदा पहाटे, गाडी लांब लावून.
वाचनालयात एकच दिवा.
फळ्यापाशी मुफज्जल, आमचा शिपाई, नोआखालीचा.
मला वाटलं, शिकवतोय.
जवळ गेले, तर तो शिकत होता.

बासष्ट रियाल पाचशे बैसा घरी पाठवायचे,
आजचा दर अमुक, वर दुकानाचं कमिशन,
तर तिकडे हातात टका किती?
मागच्या महिन्यात त्याला कुणीतरी फसवलं होतं.
मालविका गुणत होती, हर्षिल तिला अडवत होता,
अगं, दशांशचिन्ह सरकलं, त्याच्या पोरीची फी गेली!
आणि मुफज्जल दर दोन मिनिटांनी,
थांबा, हे का केलं? परत सांगा.

परत सांगत होती.
चौदा जणं, आळीपाळीनं, रोज.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं,
वाचनालय पावणेसहाला उघडू,
एसी चालू ठेवू, मुफज्जलला जादा तासांचे पैसे देऊ.
कुरुविलांनी विचारलं, कुठल्या सदराखाली?
सदर नव्हतं माझ्याकडे.
शिक्षण म्हणावं तर तो शिपाई,
शिपाईकाम म्हणावं तर हे शिक्षण.
स्मार्ट बोर्ड सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झाले.
वेणुगोपाल सरांना दोन ब्युरेट मिळाल्या.
मी माझं 'इतर' मध्ये लिहिलं,
चहा, झाडू आणि फाटकाच्या कुलुपाच्या खाली.

महिनाअखेर मुफज्जलच्या हातात पाकीट दिलं.
बावीस दिवस, तेहेतीस तास,
तासाला एक रियाल तीनशे पंचाहत्तर.

दुसऱ्या दिवशी दारात उभा, जरा संकोचून.
बाई, पाच बैसा कमी आहेत.
मालविकानं तीनदा करून बघितलं.

मी वही उघडली.
पंचेचाळीस पूर्णांक सदतीस.
दोनवरच थांबले होते.