रकाना तिसरा

खानापुरात कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल. वीस रुपयांत अर्ज,
कन्नडमध्ये लिहून देते, मराठीत वाचून दाखवते.
रस्ता रुंद झाला तशी सावली गेली,
आता टेबलाला छत्री बांधलीय, तिच्यावर सिमेंटची जाहिरात.

सोमवारी जांबोटीकडचा लुमाण्णा घाडी आला.
पिशवीत पितळी डबा, डब्यात मेलेल्या माशा.
"पुरावा आणलाय," म्हणाला,
आणि ओतू नका म्हणेपर्यंत ओतल्याच टेबलावर.
हलक्या. फुंकर लागली तरी सरकत होत्या.
एक शिक्क्याच्या पॅडवर पडली,
पंख निळे झाले.

फॉर्म होता शेळ्या-कोंबड्यांचा. दुसरा मिळाला नाही.
रकाना तिसरा : जात.
मी सवयीनं त्याची विचारली.
"माझी कशाला? माशीची लिवा. सातेरी.
पाच पेट्या. अंधारात ऱ्हाणारी, गरीब,
हातावर फिरती, उगंच डसत नाही."
मी लिहिलं : तुडुवे जेनू.
तो वाकून अक्षरांकडे बघत राहिला,
लेकीचं सासरचं नाव कुणी पहिल्यांदा लिहावं, तसा.

मृत्यूचं कारण.
"अळ्यांच्या पाण्याच्या पिशव्या झाल्या बघा,
उचलली की फुटती. औषध नाही म्हणतात.
वर काजूच्या मोहरावर फवारा मारला कुणीतरी,
ऐन दुपारी. अर्ध्या सांजेला परतल्याच नाहीत.
आता ह्यातलं काय लिवायचं ते तुमी ठरवा,
तुमी शिकलेल्या."
रकान्यात दोन शब्दांची जागा.

मी पेन बंद केलं.
"आग्याचं ऱ्हायलं," तो म्हणाला.
तुमचं होतं का?
"आग्या कुणाचं असतंय, बाई?
कणकुंबीच्या वाटेला बेहड्यावर एकोणीस पोळी लोंबायची,
दिवाळी सरली की यायची. मी मोजायचो गुरं राखताना.
झाड रस्त्यात गेलं.
यंदा आल्या. तीन दिवस घिरट्या घालत ऱ्हायल्या
झाड जेवढं उंच होतं तेवढ्यावरच,
खाली आल्या नाहीत, वर गेल्या नाहीत.
चौथ्या दिवशी पाण्याच्या टाकीला लागल्या.
रात्री कुणीतरी खाली टायर पेटवला."

मी काहीच लिहीत नव्हते, तरी तो सांगत होता.
कोतीचं सांगितलं. भिंतीच्या भोकातली,
डासाएवढी, मेणाची नळी काढून बसलेली.
तिचा आंबट मध त्याची आई खोकल्याला द्यायची.
घरकुल मंजूर झालं, मातीची भिंत पाडली.
"सिमीटाला भोक नसतंय."
ह्यात त्याची तक्रार नव्हती. घर चांगलं झालंय, म्हणाला,
न्हाणीला फरशी आहे.
मग बराच वेळ गप्प.
"अजून एक जात हाय. फुलोरी.
झुडपात असायची, तळहाताएवढं पोळं.
तिचं काय झालं सांगता येत नाही.
मी बघितलंच नाही तिच्याकडं कधी."

वरून छत्रीवर ऊन, समोर चहाच्या गाड्याखाली
कागदी कपांची टोपली.
अठरा वर्षं मी इथं बसते.
त्या दिवशी पहिल्यांदा उठून आत डोकावले.
कपाच्या तळाशी साखरेचा चिकटा,
चिकट्यात त्या. सात-आठ एका कपात.
कुठल्या जातीच्या, मला ओळखता आलं नाही.

मालकाचं नाव, गाव, पेट्यांची संख्या.
आग्या, कोती, फुलोरी कुठंच बसली नाहीत.
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिली मी तिन्ही नावं
दोन्ही भाषांत, एकेका ओळीत,
कोण वाचणार ते माहीत असून.
मग सहीच्या जागी बोट ठेवलं.
त्यानं अंगठा पॅडवर दाबला,
तिथंच, जिथं ती पडली होती.

कागदावर उमटलं ते असं :
रेघांच्या भोवऱ्यात एक पंख,
पंखातल्या शिरा, बारीक, निळ्या,
कुठली त्याची, कुठली तिची, कळू नये अशा.

खिडकीतून हिरेमठ मॅडमनी कागद परत सरकवला.
अंगठा नीट आलेला नाही.
पुसून पुन्हा करा.