योग्य चौकोनात खूण करा

बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म दिला.
बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकोन :
कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी.
कुडाळ स्टँडवर निवतीची गाडी लागेपर्यंत
भरून टाकू म्हटलं, आणि पेनाचं टोपण
दातांत धरून ओढलं.

निघालं.

खरं तर एवढंच लिहायचं होतं.
त्याला चौकोन नव्हता.

‘चारचौघांत जेवताना संकोच वाटतो का?’
एकतीस वर्षं लग्नाच्या पंगतीत
मी वाढायलाच उभी राहिले.
किती कामाची पोर, म्हणायचे लोक.
पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत,
मधल्या फटीतून शेवया सांडायच्या, शब्दही.
बाकीच्या शिंपिणी दोरा दातांनी तोडतात,
माझ्या गळ्यात कायम नाडीला बांधलेली कात्री.

ऑपरेशननंतर पाच आठवडे जबडे तारेने बांधलेले
आणि उशाशी पुन्हा कात्रीच, तार कापायची :
उलटी आली तर घाबरू नका, आधी ही घ्या.
रात्री मी हात लावून बघायची, आहे ना.
आईने बांगड्याची बिनमिरचीची आमटी मिक्सरला लावली,
दोनदा गाळली, सिरिंजने गालाच्या कडेने सोडली.
तिरफळाचा वास तेवढा गाळणीतून निसटून आला
आणि मी रडले. तेही तोंड मिटून.
नऊ किलो गेले. जगाची मापं घेणारी मी,
माझेच ब्लाउज दोन्हीकडून टाचले.

‘झोप मोडते का?’
मोडायची. पहाटे रापण ओढणाऱ्यांच्या हाका यायच्या.
मी तारेआडून हुं म्हणायची, उगाच.

‘आरशात बघून समाधान वाटतं का?’

खालचा ओठ अजून बधिर आहे.
सोलकढी ओघळते, ते मला कळतं
समोरच्याची नजर खाली घसरली की.
आणि ती हनुवटी आमच्या घरात आजोबांपासूनची,
होडीच्या नाळेसारखी, सगळ्यांच्या आधी पुढे.
रतनआत्या तिच्यासकट बिनलग्नाची म्हातारी झाली.
परवा आली, खळ्यातच उभी राहून बघत बसली.
‘बरी दिसतंस गो,’ म्हणाली.
मग पाण्याचा तांब्या खाली ठेवत,
‘आमची दिसणंस नाय.’
माझ्या हनुवटीला तिने बोटं लावली.
दिसली म्हणून कळली.

गाडी लागली. कुठे, कंडक्टर म्हणाला.
निवती, म्हटलं. ओठ वरच्या दातांना टेकून
व नीट उमटला. त्याने परत विचारलं नाही.
परुळ्याच्या वळणांत अक्षरं हलायला लागली,
दोन प्रश्न राहिले, त्यांतला एक आरशाचा.

रात्री आत्याचा ब्लाउज पुरा केला.
काजाचा शेवटचा टाका, गाठ,
आणि दोरा ओठांपर्यंत नेला.
हात मात्र सवयीने गळ्याशी गेला होता.
कात्रीने कापला.