शीव

विष्णुपुरीच्या सातव्या दरवाज्याखाली
पाणी कसं वळतं ते मोजायला
तहसीननं दोन सूत्रं घेतली.
भिंतीलगत एक, सगळं सरासरीत बुडवणारं,
मधल्या धारेत दुसरं,
मोठ्या भोवऱ्यांना नावानिशी ओळखणारं.

दोन्ही आपापल्या रानात शहाणी.
भांडण लागलं शिवेवर,
जिथं पाणी धड सरासरी नाही, धड भोवरा नाही.
रात्री पावणेतीनला आकडे फुगले
आणि गणित कोसळलं.
संगणकाचा पंखा तेवढा फिरत राहिला.

सकाळी काठावर गेलो.
होडीतलं पाणी उपसत सटवाजी भोई म्हणाला,
"भिताडापाशी गंगा मुकी असती,
मधी बोलती.
मुकी कुठं संपती, मला तरी कुठं ठावं?
तिथं मी वल्हं उचलून धरतो, बस."

तहसीन काही बोलली नाही.
परत आल्यावर तिनं
धुऱ्यासारखी आखलेली रेघ पुसली,
तिथं पट्टा केला:
एक सूत्र ओसरत जाणारं,
त्यातच दुसरं चढत येणारं.

आकडे अजून डगमगतात.
कोसळत नाहीत.
अहवालात पट्ट्याच्या रुंदीपुढं
तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
अंदाजे, एका वल्ह्याएवढी.