तास

पारोळ्याच्या दवाखान्यामागे, पत्र्याच्या शेडला लागून
तीन वाफे, आणि माझी वही.
बागकाम-उपचाराच्या प्रमाणपत्राला
चारशे ऐंशी तास भरावे लागतात.

उखाजीबाबांचा उजवा हात
झटका आल्यापासून मांडीवर ठेवलेला असतो,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
काय लिहितेय, विचारलं त्यांनी.
तास, म्हटलं. चारशे ऐंशी व्हायचेत.
"चारशे ऐंशी! कोनं वावर शे, माय?"

मी हसतेय तोवर
डाव्या हातानं, खुरप्याच्या टोकानं
त्यांनी एक ओढला,
वाकडा,
वांग्याच्या रोपांपर्यंत पोचलाच नाही.
मग दम लागला.

वहीत लिहिलं: तास, अर्धा.
पुण्याच्या मॅडमनी
लाल शाईत विचारलंय,
म्हणजे तीस मिनिटंच का?