दार क्रमांक चारशे त्रेचाळीस

परळच्या लॅबचे रिपोर्ट ज्या मशीनवरून जातात
तिची किल्ली माझ्याकडे आहे, अकरा वर्षं.
जगाने बोलायची रीत बदलली म्हणतात.
नवी रीत चपळ आहे, हातातलं मधेच सुटत नाही,
आणि दार तेच, चारशे त्रेचाळीस.
फक्त आत येण्याची चाल वेगळी.

आमच्या फायरवॉलमध्ये त्या चालीला मनाई आहे.
नियम क्रमांक सदतीस. शेजारी शेरा:
“काढू नये. मो. वा.”

मोरेश्वर वायंगणकर आता देवगडला कलमं सांभाळतात.
फोन केला. मागे कुत्रं भुंकत होतं.
“सदतीस?” म्हणाले, “काहीतरी झालं होतं बुवा एका रात्री.
काय ते आठवत नाही. पण झालं होतं.”
मग मोहोराबद्दल बोलत राहिले बराच वेळ.

तुम्ही म्हणाल आळस.
म्हणा.
साइट चालू राहिली म्हणून आजवर कुणी पेढे आणले नाहीत.
बंद पडली तर पहाटे तीनला डोंबिवलीत माझा फोन वाजतो
आणि बायको न बोलता कूस बदलते.
त्यात ब्राउझर समजूतदार:
नव्या रीतीने ठोठावून बघतो,
उत्तर आलं नाही की मुकाट जुन्या रीतीने येतो.
तक्रारी शून्य. आलेख सपाट.
चालतंय त्याला हात लावू नये,
हा आमच्या धंद्यातला कुळाचार.

मंगळवारी लॉबीत एक बाई, बोलण्यावरून वाशीमकडची,
रिपोर्ट उतरवत उतरवत लिफ्टमध्ये शिरली. मीही शिरलो.
दार मिटलं, वायफाय सुटलं,
मोबाइलचं नेटवर्क चाचपडत आलं
आणि ऐंशीवर पोचलेला आकडा शून्यावर.
चौथ्या मजल्यावर पुन्हा.
सहाव्यावर पुन्हा.
तिनं फोन माझ्यापुढे धरला:
“दादा, माझंच काही चुकतंय का?”

रात्री लॉग उघडला. तीन ओळी, तिच्याच असाव्यात:
जोडणी सुटली. जोडणी सुटली. जोडणी सुटली.
याला आम्ही बिघाड धरत नाही.
माणूस निघून गेला, एवढंच धरतो.

चेंज रिक्वेस्टच्या फॉर्मात रकाना आहे:
अपेक्षित फायदा, रुपयांत.
कस्तुरी मॅडम मान वर न करता म्हणाल्या,
“तासभर बंद राहिलं तर किती जातात, मला पाठ आहे.
हे सुरू केल्याने किती येतात?”
मी म्हटलं, लिफ्ट.
“काय?”
“काही नाही.”
अर्ज पुढच्या तिमाहीवर. तिमाहीनंतर ऑडिट. ऑडिटनंतर मार्च.

शनिवारी रात्री दोनला, रॅकच्या गार वाऱ्यात,
मी सदतीस नंबर काढला नाही.
धीर झाला नाही, खरं सांगतो.
शेजारचा शेरा फक्त वाढवला,
खाली पूर्ण नाव, तारीख:
“कारण कुणालाच आठवत नाही. वायंगणकरांना विचारून झालंय.
काढायला हरकत नसावी.
काढू नये असं वाटलं तर
आधी लिफ्टने सहाव्या मजल्यावर जाऊन या.”