हँडल

पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा सगळं करडं.
अकोट्याहून हेतलचा फोन:
"शुं मोकल्युं, भाई? रिकामे डबे?"
मी इथे दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
खाली पिठाची गिरणी,
म्हणून आवाजाचं काम मी इथे करत नाही.
माझ्या पडद्यावर खानविलकर नीट बसलेले, बोलताहेत.
तिच्याकडे त्यांच्या नुसत्या पट्ट्या.

चूक माझी. फाइलींना मराठी नावं दिली होती:
खानविलकर पूल सकाळ. खानविलकर चहा.
तिच्या यंत्राने प्रत्येक अक्षराच्या जागी
प्रश्नचिन्ह मांडलं होतं,
काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांना वेगवेगळं.
रोमनमध्ये पुन्हा बारसं केलं, एकशे बारा पोरांचं.
आवाज फाइलीच्या पोटातच भरले.
पेन ड्राइव्ह खिशात, स्कूटर, पूल.

दुसऱ्यांदा आवाज आले.
पहिलं मिनिट ठीक. दहाव्याला काहीतरी खटकलं.
चाळिसाव्याला खानविलकर तोंड मिटून बसलेले
आणि त्यांचं उत्तर खोलीत येऊन उभं.
शब्द आधी, ओठ मागून.

हेतल म्हणाली, तुझा एक्स्पोर्ट. मी म्हणालो, तुझं सॉफ्टवेअर.
तासभर आम्ही एकमेकांचे व्हर्जन नंबर काढले,
सोयरीक मोडताना कुळं काढतात तसे.

शेवटी पडद्यावरचा म्हाताराच बोलला.
पंचवीस वर्षं त्याने विश्वामित्रीचं पाणी वाचलं,
पुलाच्या खांबावर रंगवलेले फूट,
दर तासाला वहीत एक आकडा.
"अहो, दोन्ही काठांना पट्ट्या होत्या आमच्या.
नदी एकच, पण पट्ट्या रंगवणारे दोन.
खाली केसाएवढा फरक, कुणाला दिसतो?
वर जाल तसा वाढत जातो."

हेतलने स्पेसबार दाबला.
"तुझ्याकडे किती?"
तेवीस पूर्णांक नऊ सात सहा.
"माझ्याकडे चोवीस."
हजारात एक. चाळीस मिनिटांत जवळजवळ अडीच सेकंद.
तेवढ्यात मगर डोकं वर काढून
परत आत जाते, पुलावरचा माणूस वळून बघेपर्यंत.

आकडा बदलला. ओठ शब्दांवर येऊन बसले.
चहा झाला. मी निघणारच होतो.

पण प्रत्येक तुकड्याला मी हँडल ठेवतो,
कापलेल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे पंधरा सेकंद,
आवाज विरवायचा तर हात धरायला जागा हवी.
मला ती कधी दिसत नाही. माझ्यासाठी कापलं ते कापलं.
हेतलने शेवटच्या तुकड्याची कड धरून ओढली.
तिला खोलीची शांतता हवी होती:
पंखा, लांबची एखादी रिक्षा, बस.

आणि शांततेत खानविलकर, हलक्या आवाजात
(मी तेव्हा ट्रायपॉड आवरत असेन):
"झालं ना? बंद केलंत?
त्या पुराच्या रात्री दोनचा आकडा मी बघून नाही लिहिला.
डोळा लागला होता.
एकच्या आणि तीनच्या मधला टाकला."
मग बशीत कप ठेवल्याचा आवाज.
मग कड संपली.

पुन्हा लावला नाही आम्ही.
"राखवुं छे?" हेतलने विचारलं.
मी तिच्या लेव्हल मीटरकडे बघत राहिलो.
काही वाजत नव्हतं, हिरव्या काड्या तळाला गेलेल्या.
"खोलीची शांतता दुसरीकडून घेऊ," म्हणालो.
"त्यांच्या अंगणातली आहे माझ्याकडे. सकाळी आणतो."
तिने कड परत आत ढकलली,
दार लोटावं तशी, आवाज न करता.

परतताना पुलावर स्कूटर थांबवली.
खाली कुठेतरी तो खांब, त्यावर आकडे.
मोबाइलचा उजेड तिथपर्यंत पोचेना.
मागून एकाने हॉर्न दिला, काय पडलं का म्हणून विचारलं.
नाही, म्हणालो, पाणी बघतोय.
"केटलुं छे?"
नऊ फूट असेल, मी सांगून टाकलं.