फुटतुटीची वही

ग्लेनरॉय हॉटेल, खंडाळा.
पँट्रीच्या कपाटात ही वही सापडली,
पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला.
पहिली नोंद मोडीत :
बशी एक. लुमाजी ओव्हाळ. दोन आणे कापले.

साहेबानं आरसा फोडला त्या रात्री
नाव नाही. रकान्यात फक्त
‘आपोआप’.
लढाईच्या वर्षांत बरंच काही आपोआप फुटलं :
चौदा पेले, पियानोचं झाकण,
एका आयाबाईचं मनगट.
तेही इथंच, काचसामानात लिहिलेलं.

मग फ्रामजीशेठ आले. शाई जांभळी झाली.
त्यांनी कुणाचा पगार कापला नाही,
पुढं पुढं दिलाही नाही.
सिनेमावाले यायचे, गच्चीवर नाचायचे,
बिल मागितलं की फोटो द्यायचे सहीचा.
नवा रस्ता बोगद्यातून गेला
आणि पानंच्या पानं कोरी.
एकच ओळ मध्ये :
राजमाचीकडची सात तावदानं. वारा.

उद्या जेसीबी येणार.
मी लुमाजीचा पणतू, कंत्राटदाराचा मुकादम.
शेवटच्या पानावर तारीख घातली.
वस्तू : इमारत, एक.
कुणी फोडली, या रकान्यापाशी
पेन जरा अडलं.
‘आपोआप’ लिहिता आलं असतं.

नाव घातलं. आडनावासकट.